पेन्सिलीच्या उभ्या रेघा

अण्णा, तुम्हाला बसवून नेलं ते बरं झालं. तुमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, कपाळाला विभूती लावून मांडी घालून बसवूनच नेतात, हे मी ऐकून होते. बघितलं पहिल्यांदाच. गडहिंग्लजच्या अंगणात तुम्ही बसला होता ते अगदी कोल्हापुरातल्या तुमच्या खोलीत टेबलाशी बसायचात तसे, मान जरा खाली, समोर कुणाचा तरी कागद असल्यासारखे. फक्त कानावर पेन्सिल नव्हती. मला काही राहवलं नाही. पर्समधली काढून पुढं झाले आणि मग लाजून थांबले. तर गंगाक्का, तुमची धाकटी बहीण, रडता रडता म्हणाली, "ठेव की. पेन्सिलीबिगर कोण वळखणार त्येला तिकडं?" दोघीतिघी बायका रडता रडता हसल्या, आणि मी ठेवली.

त्याला आज एकवीस दिवस झाले. आणि तुमचं पत्र कालपर्यंत माझ्या ड्रॉवरमध्येच होतं.

हॉलंडला जायचं होतं ते, तुमच्या लेकीला. तिनं तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता, त्याचं तुम्ही मराठीत लिहिलेलं उत्तर मी डचमध्ये उतरवायचं होतं. एका वाक्यावरून आपण भांडलो. मी दार आपटून निघून आले, आठ दिवस फोन केला नाही, आणि नवव्या दिवशी सकाळी गंगाक्काचा फोन आला. आता हे काय वागणं झालं का अण्णा? माणूस भांडण तरी पुरं करून जातो. तुम्हाला हजारदा सांगितलं असेल की छातीत दुखतंय तर डॉक्टरकडं चला. "दुखतंय न्हवं, नुसतं कळ येती," म्हणे.

मी तुमच्याकडं आले तेव्हा मला वाटलं होतं, डच शिकवणारा माणूस म्हणजे कोणीतरी गोरटेला, चष्मेवाला, पुस्तकांच्या कपाटापुढं बसलेला असेल. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत फौंड्रीच्या काळ्या धुळीत विचारत विचारत आले, तर समोर तुम्ही! बाह्या वर केलेल्या, हाताला लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल. पॅटर्न मिस्त्री. लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवतात, त्याचा लाकडी नमुना बनवणारे. मी म्हटलं, "डच शिकवणारे सर कुठं आहेत?" तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "सर मेलं. मी हाय. चालंल का?"

मी तेव्हा कोर्टाजवळच्या एका नोटरीकडं टायपिंग करत होते. हॉलंडहून कास्टिंगचे करार यायचे, त्यातलं कुणालाच काही कळायचं नाही. वाटलं, आपण शिकू, काय अवघड आहे! ही माझी जन्माची खोड. तुम्ही काही न बोलता एका कागदावर एक शब्द लिहून पुढं सरकवलात. शब्द कसला, मालगाडी! कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, मध्ये कुठं फट नाही. मी पहिली चार अक्षरं वाचली आणि हसायला लागले. तुम्ही हसला नाहीत. कानावरची पेन्सिल काढलीत आणि त्या शब्दात उभ्या रेघा मारायला लागलात. नऊ रेघा, दहा तुकडे. मग टेबलावर बोटानं ठोके देत म्हणालात, "आर. बेइट्स. ऑन. ख. स्खिक्त. हेइट्स. फर. झे. क. रिंग. म्हण." मी म्हटलं. "परत म्हण." सात वेळा म्हणायला लावलंत. आठव्या वेळी तो शब्द माझ्या तोंडातून सरळ बाहेर पडला आणि मला, खरं सांगते, लहानपणी पहिल्यांदा सायकल आली होती तसं वाटलं.

"आता अर्थ काय?" मी विचारलं.

"गडबड काय हाय? शेवटनं चल. शेवटचा डबा सांगतोय वस्तू काय हाय ती. विमा. कसला विमा? असमर्थ हुण्याचा. कशाला असमर्थ? कामाला. झालं. कायद्याचा कसला बी शब्द आण, सगळं वझं म्होरं आसतंय आन धनी मागं बसल्याला आसतोय."

आणि वर म्हणालात, आपल्यात तरी काय वेगळं आहे? खरेदीखत म्हणजे खत, खरेदी नव्हे. मृत्युपत्र म्हणजे पत्र. माणसं पहिल्या शब्दाला भितात आणि शेवटचा वाचतच नाहीत.

मी हुपरीची. घरात तीन पिढ्या चांदीच्या पैंजणाचं काम. तुम्ही जेव्हा सांगितलंत की तुकडे करताना आधी मोठा सांधा शोधायचा आणि मगच बारके उच्चार पाडायचे, आणि दोन शब्दांच्या मध्ये जो एक बारका 'स' येतो तो नेहमी मागच्या तुकड्याकडं ठेवायचा, पुढच्याला द्यायचा नाही, तेव्हा मी पटकन म्हणाले, "म्हणजे आमच्यात कड्या जोडायला डाख देतात तसा! दिसायला कणभर, पण त्याच्याशिवाय पैंजण सुटंल." तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघितलंत. "उद्यापास्नं ये, तंगी," म्हणालात.

तंगी. कानडीत धाकटी बहीण. तुम्ही माझ्या बापाच्या वयाचे. मला तेव्हाच वाटलं होतं, पोरी म्हणा, लेकी म्हणा, तंगी कसलं? गडहिंग्लजकडं म्हणत असतील, म्हणून मी सोडून दिलं.

तुमच्याकडून भाषा शिकले हे तर झालंच, पण खरं शिकले ते कागदाशी कसं वागायचं ते. किती कंटाळायचे मी! कोणतंही भाषांतर बाहेर जायच्या आधी आपण दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं उतरवलेलं, प्रत्येक लांब शब्द ठोके देऊन. कागदावर जे आहे ते सगळं उतरवायचं, शिक्का, खाडाखोड, कडेला कुणी काही खरडलं असेल तर तेसुद्धा. एकदा मी वैतागून म्हटलं, "इथं चहाचा डाग पडलाय, तो पण लिहू?" "लिव. इथं डाग हाय म्हणून लिव. तुझ्या घरचा कागद हाय व्हय गाळाया?" आणि मी खरंच लिहिलं, आणि ते भाषांतर तसंच गेलं हॉलंडला, डागासकट!

आणि सगळ्यात मोठा नियम. सही करणाऱ्या माणसाला 'समजलं का' असं कधी विचारायचं नाही. "समजलंच म्हणतंय माणूस. चारचौघात न्हाई समजलं म्हणायला लई मोठी छाती लागती. त्याच्याकडनं वदवून घ्यायचं."

मलकापूरचे ते पाटील आठवतात? त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा तिकडं नोकरीला. लग्नाआधी सह्या करायचा डच कागद आला होता. पाटील दारातूनच ओरडत आले. "पावणं, सही कुठं करायची तेवढं दावा, खाली गाडी उभी हाय!" तुम्ही गाडी बंद करायला लावलीत. बाप-लेकीला समोर बसवलंत आणि पहिल्याच ओळीतला शब्द सात तुकड्यांत कापून पुढं केलात. हू. व. लक्स. फर. मो. खन्स. रेख्त. पाटलांच्या मिशा थरथरायला लागल्या. "ह्ये काय ल्हान पोरांगत! आमी काय बालवाडीत आलोय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "व्हय. मी बी तिथनंच सुरवात केलती." ते बोट आपटत म्हणायला लागले आणि ती पोरगी हसून हसून बेजार. मग तुम्ही तिला म्हणालात, "बाळ, आता तू शेवटनं सांग." आणि ती सांगत गेली. कायदा. कसला? मालमत्तेचा. कुणाच्या? लग्न झालेल्या दोघांच्या. ती थांबली. म्हणाली, "दोघांच्या ना? मग मराठीत उतरवलंय त्यात खाली सगळं त्यांचंच कसं काय लिहिलंय?" पाटील कधी नव्हे ते खालच्या आवाजात म्हणाले, "परत वाचा की जरा."

तो कागद बदलून आला, अण्णा. ती पोरगी दर दिवाळीला फोन करते. यंदा मी उचलीन.

तुम्ही हे सगळं कुठून शिकलात ते मला कळायला पाच वर्षं लागली. एका दुपारी मीच चिडले होते. त्याच मोठ्या नियमावरून. म्हटलं, माणसं शहाणी असतात, प्रत्येकाला असं पोरागत वागवायचं म्हणजे अपमान आहे. तुम्ही बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसलात. टोक झालं तरी करतच होता. मग सांगितलंत, जसं हवापाण्याचं सांगावं तसं.

तरुणपणी फौंड्रीनं तुम्हाला हॉलंडला पाठवलं होतं. तिथंच राहिलात, लग्न केलंत, मुलगी झाली. गिरिजा. "तिकडं ग न्हाईच म्हणत्यात, खिरिया म्हणायची समदी. मी एकटाच गिरिजा म्हणायचो." मग संसार मोडला. वकिलाच्या टेबलावर कागद आला. दुभाषी बोलवायचा का, असं त्यांनी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नको, मला समजतंय. सहा वर्षं तिथं काम केलेला माणूस, बायकोसमोर कसं म्हणायचं समजत नाही म्हणून? त्या कागदात तुम्हाला एक शब्द ओळखीचा दिसला. ऑमखांग्सरेखलिंग. मुलाला भेटायची व्यवस्था. कारखान्यातल्या एका घटस्फोटित माणसाच्या तोंडून तुम्ही तो ऐकला होता. तो दर रविवारी मुलाला तळ्यावर बदकं दाखवायला न्यायचा. शब्द दिसला आणि तुमचा जीव भांड्यात पडला. त्याच्याआधी दोन बारके शब्द होते, ते तुम्ही बघितलेच नाहीत. ते दोन शब्द म्हणत होते, सोडून देत आहे. तुम्ही हसत सही केलीत. पुढच्या रविवारी फुगा घेऊन दारात गेलात आणि दार उघडलं नाही.

"तवापास्नं कापतोय शब्द," एवढंच म्हणालात. आणि मला म्हणालात, चहा टाक.

मी आत जाऊन गॅसपाशी रडले. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. डोळे लाल बघून तुम्ही "कांदा चिरलास काय चहात?" म्हणालात, म्हणजे कळलंच होतं.

या संक्रांतीच्या आधी गिरिजाचं पत्र आलं. तिची आई गेली, कपाट आवरताना तो करार तिला सापडला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तुम्ही एक दिवस नुसते निघून गेलात. आता खाली तुमची सही बघितली. शेवटी एकच ओळ. तुम्ही सही का केलीत?

उत्तर लिहायला तुम्ही दोन महिने घेतलेत. डच तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते, तरी मराठीत लिहिलंत. "आपला कागद आपण उतरवायचा नसतोय, तंगी. हात हालतोय." मी वाचलं. सगळं मिळून एक पान. 'गिरिजा, सही माझीच आहे. कोणी जबरदस्ती केली नाही. मी ती करायला नको होती. तू विचारलंस, तुझे उपकार.' आणि खाली प्रकृतीची विचारपूस. बस्स!

"आणि कळलं नव्हतं ते?" मी विचारलं.

"ते लिवायचं न्हाय."

मग काय, पेटलेच मी. तिनं 'का' विचारलंय, 'का'चं उत्तर कारणच असतं, ही कुठली दानत, लेकीला जन्मभर वाटत राहील की बापानं समजून उमजून सोडलं, असं काय काय बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, "समजतंय असं मीच म्हणालतो. कारण लिवलं की सही पुसट हुती. आन तिला कारण दिलं की माफ करायची पाळी तिच्यावर येती. ते काम तिनं का करायचं?"

पण मी ऐकलं नाही. डचमध्ये उतरवताना मी एक वाक्य घुसडलं. 'तो कागद मला कळला नव्हता.' इतकंच. वाटलं, म्हाताऱ्याच्या लक्षात येणार नाही. अण्णांच्या लक्षात येणार नाही! बारा वर्षं समोर बसून हेच ओळखलं होतं मी तुम्हाला. नेहमीसारखे समोरासमोर बसलो, तुम्ही मराठी वाचत होता, मी डच. त्या वाक्यावर माझा आवाज जरा घाईत गेला असणार. तुमचं बोट थांबलं. कानावरची पेन्सिल काढून त्या वाक्याच्या आधी एक उभी रेघ मारलीत, नंतर एक मारलीत. "ह्यो तुकडा माझा न्हाय. घिऊन जा."

ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मग तुमचं तुम्हीच करा भाषांतर!" आणि निघाले. जिन्यात वाटलं, हाक माराल. मारली नाहीत. आता वाटतं, मी तरी का थांबले नाही? चुकलं माझं, अण्णा. मेल्यावर ऐकू येत असेल तर ऐका, नसेल येत तर नसू दे. चुकलं माझं. तुमच्या तोंडात माझे शब्द घालायचा मला काही अधिकार नव्हता.

आणि तरी, वाक्य खरं होतं. हे मी आजही म्हणेन.

परवा गंगाक्का कोल्हापूरला आली होती, तुमची खोली रिकामी करायला. रंधे, पटाशा, लाकडी पट्ट्या बांधून झाल्यावर तिनं ट्रंकेतून कापडात गुंडाळलेला एक गठ्ठा काढला. "ह्ये तुला द्यायाचं म्हणालता. तंगीचं हाय म्हणालता."

उघडलं. तोच करार. एक नाही, कितीतरी. तळाशी तुम्हाला तेव्हा मिळालेली प्रत, पिवळी पडलेली, आणि तिच्यावर तिच्याच झेरॉक्स, आधीच्या पुसट, नंतरच्या स्वच्छ. प्रत्येकीवर उभ्या रेघा. सगळ्यात जुन्या प्रतीवरच्या रेघा मी एकेक करून बघितल्या. सगळ्या चुकीच्या! कुठंही मारलेल्या. 'घटस्फोटाचा करार' हा मथळ्यातला लांब डच शब्द, त्यातला बारका 'स' पुढच्या तुकड्याला चिकटवलेला, मोठा सांधा सोडून भलतीकडंच कापलेलं, खोडलेलं, परत कापलेलं. ज्या माणसाला त्या भाषेतला एक शब्द नीट फोडता येत नाही, त्याच्या हातच्या रेघा. आणि भेटीच्या त्या एका शब्दाशेजारी, कडेला, मराठीत, तुमच्या तरुण अक्षरात, 'गिरिजा. दर रविवारी. बदकं.'

मग एकेक वर्षाच्या प्रती. 'स' हळूहळू मागं सरकत गेला. रेघा कमी झाल्या आणि सरळ झाल्या. सगळ्यात वरच्या प्रतीवर एकही चूक नाही, पट्टी लावून मारल्यासारख्या रेघा, आणि त्या दोन बारक्या शब्दांखाली पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलाय. शेजारी दोन शब्द. 'आत्ता समजलं.'

मी तिथंच भुशात बसले. गंगाक्का म्हणाली, "काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "भेटायला जायचं होतं त्यांना." ती म्हणाली, "व्हय. मला सदा सांगायचा, लेक म्हणायची ती येकच, दुसऱ्या कुणाला म्हणणार न्हाय." तेव्हा मला कळलं की मी बारा वर्षं तंगी का होते. राग आला नाही. उलट बरं वाटलं, कुठंतरी एक जागा तुम्ही इतकी वर्षं रिकामी ठेवून बसला होता.

आता ऐका मी काय केलंय ते. रागवायचं असलं तर रागवा.

तुमचं पत्र मी जसंच्या तसं उतरवलं. माझं वाक्य काढून टाकलं. समोर कुणी नव्हतं, म्हणून गंगाक्काला बसवलं आणि मूळ तिच्याकडून वाचून घेतलं. ती अडखळत मराठी वाचत होती, मी डच, बोटानं ठोके देत. पत्र तुम्हाला हवं होतं तेच आहे. सही तुमची, कारण नाही.

पण गठ्ठा माझा आहे. तंगीचं हाय म्हणालता, तुमचेच शब्द. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवणार. सगळ्यात जुनी प्रत आणि सगळ्यात नवी प्रत, दोन्ही पत्राला जोडल्या. आणि दोन्हींचं भाषांतर केलं. तिला करार वाचता येतोच, त्याचं कशाला करू? कडेला मराठीत जे खरडलंय तेवढ्याचं. कागदावर जे आहे ते सगळं उतरवायचं, कडेचंसुद्धा, चहाच्या डागासकट, हे मला कुणी शिकवलं? 'कडेला, पेन्सिलीनं. गिरिजा. दर रविवारी. बदकं.' आणि दुसऱ्या प्रतीवर, 'कडेला, पेन्सिलीनं. आत्ता समजलं.' रेघा कुठं चुकल्यात आणि कुठं बरोबर आहेत ते मी लिहिलेलं नाही. ती त्या भाषेत शाळा शिकलीय, तिला दिसेल.

शेवटी आपला नेहमीचा दाखला लिहून सही केली. मुळात जे आहे ते सगळं उतरवलं आहे, काही गाळलेलं नाही, काही वाढवलेलं नाही. आज सकाळी पोस्टात टाकून आले.

माफ करायची पाळी तिच्यावर आली तर येऊ दे, अण्णा. ते तिचं ती बघेल, लेक आहे ती. पण तुमच्या पत्रात माझा एक शब्द नाही. मोजून बघा.